वाडा एकच, किमती दोन

१ जुलै २०२४ रोजी १८७२ सालचा साक्षीपुराव्याचा कायदा इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी ‘भारतीय साक्ष अधिनियम’ आला. फौजदारी कायदेही त्याच दिवशी बदलल्यामुळे वर्तमानपत्रांतली सारी चर्चा गुन्हा, पोलीस आणि कोठडी यांच्याभोवती फिरत राहिली. वाटणीच्या दाव्यापायी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या कुटुंबांच्या पदरात या बदलाने काय पडले, हे फारसे कोणी विचारले नाही. पडले ते थोडेच, पण त्यातले दोन-तीन शब्द मला महत्त्वाचे वाटतात.

जुन्या कायद्याचे ४५ वे कलम तज्ज्ञाच्या मताविषयी होते. परकीय कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे अशा बाबींत त्या विषयात विशेष कौशल्य असलेल्या माणसाचे मत न्यायालयाने विचारात घ्यावे, असे ते कलम सांगत असे. नव्या कायद्यात ते ३९ वे झाले आणि त्यात ‘किंवा अन्य कोणतेही क्षेत्र’ अशा अर्थाच्या शब्दांची भर पडली. घरजमिनीची किंमत ठरवणारा माणूस, ज्याला आपण मराठीत मूल्यमापक आणि बोलताना व्हॅल्युअर म्हणतो, तो या शब्दांनी पुढच्या दाराने न्यायालयात आला. तसा तो मागच्या दाराने येऊन कित्येक दशके ओसरीवर बसलेलाच होता म्हणा! जे दावे त्या तारखेला चालू होते, ते जुन्या कायद्यानेच चालायचे आहेत. आपल्याकडच्या वाटणीच्या दाव्यांचे आयुष्य पाहता, १८७२ चा कायदा अजून बरीच वर्षे न्यायालयांच्या कपाटातून हलणार नाही.

साधा साक्षीदार आणि तज्ज्ञ साक्षीदार यांत एक मोठा फरक आहे. साध्या साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले तेवढेच सांगायचे. तो ‘मला वाटते’ म्हणाला की समोरचा वकील ताडकन उठतो. तज्ज्ञाला मात्र ‘मला वाटते’ असे सांगण्यासाठीच बोलावलेले असते. ही सवलत फार मोठी आहे आणि ती फुकट मिळत नाही, निदान मिळू नये. आपल्याला जे वाटते ते का वाटते, हे त्याने न्यायाधीशाला उलगडून दाखवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जयलाल या खटल्यात हे नेमके सांगितले आहे. तज्ज्ञाची साक्ष सल्ल्याच्या स्वरूपाची असते. निष्कर्षाची पारख कशी करायची याची साधने त्याने न्यायाधीशाच्या हाती द्यावीत, म्हणजे न्यायाधीश स्वतःचे मत स्वतः बनवू शकेल. तो खटला घराचा नव्हता, सफरचंदाच्या बागांचा होता. पण बागेत किती फळ निघाले असेल आणि वाड्याचे किती पैसे येतील, हे प्रश्न एकाच जातीचे आहेत. दोन्हीकडे अंदाज आहे आणि अंदाजामागे काय आहे यावर त्याची किंमत ठरते.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. कादंबऱ्या लिहिणे हा रात्रीचा उद्योग. दिवसा मी तारण तपासत असे. घरावर, गाळ्यावर, कारखान्याच्या शेडवर कर्ज द्यायचे तर फायलीत सर्वांत वर व्हॅल्युअरचा अहवाल लागे. त्यात एकाच सदनिकेच्या तीन किमती असत: चालू बाजारभाव, प्रत्यक्ष वसूल होण्याजोगी किंमत आणि घाईने विकावे लागले तर येणारी किंमत. पुढच्या दोन पहिलीतून ठरावीक टक्के वजा करून काढलेल्या असत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बँकेच्या यादीवरचे काही व्हॅल्युअर फार चोख होते. एक वयस्कर इंजिनिअर टेप आणि छत्री घेऊन येत, जागा मोजत, मग कोपऱ्यावरच्या पानवाल्याशी आणि इस्त्रीवाल्याशी गप्पा मारत. पावसाळ्यात गल्लीत पाणी किती चढते, हे त्यांना तिथे कळे आणि ते अहवालात उतरे. दुसरे एक गृहस्थ फोनवरच विचारत, “साहेब, कर्ज किती द्यायचं ठरलंय?” दोघांच्या पाट्यांवर अक्षरे एकच होती: ‘शासनमान्य व्हॅल्युअर’.

या पाटीविषयी थोडे सांगायला हवे, कारण लोक तिला भुलतात. ही मान्यता मूळची संपत्ती कराच्या कायद्यातली. १९५७ च्या त्या कायद्यात १९७२ च्या दुरुस्तीने व्हॅल्युअरांच्या नोंदणीची सोय झाली. पदवी आणि अनुभव पाहून नोंदणी होई. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला, पाट्या राहिल्या. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याखाली २०१७ मध्ये नवे नियम आले, परीक्षा आली, दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणी आली. पण यातल्या कुठल्याही नोंदणीचा अर्थ, या माणसाने काढलेली किंमत सरकारला मान्य आहे, असा होत नाही. हा माणूस किंमत काढायला बसण्याच्या पात्रतेचा आहे, एवढाच होतो. साक्षीचा कायदा तर अमुक नोंदणी हवीच असेही म्हणत नाही. विशेष कौशल्य हवे, एवढेच म्हणतो. ते आहे की नाही हे उलटतपासणीत दिसते.

आता ज्या दाव्यामुळे मी या विषयात शिरलो, त्याकडे येतो. नावगाव सांगत नाही आणि आकडे सोपे करून सांगतो. एका मृत खातेदाराची कागदपत्रे घेऊन मला न्यायालयाचे समन्स आले होते. माझी साक्ष पाच मिनिटांची, पण पुकारा होईपर्यंत दोन दिवस मागच्या बाकावर बसावे लागले. तेवढ्या वेळात दोन व्हॅल्युअरांच्या उलटतपासण्या ऐकल्या. बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात कोणी शिकवले नसते ते तिथे शिकलो.

दावा साधा होता. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला पेठेतला वाडा. तीन हजार चौरस फुटांचा प्लॉट, मालकाच्या ताब्यात चार खोल्या, उरलेल्या भागात सहा जुने भाडेकरू. आईवडील मृत्युपत्र न करता गेले. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. तिघांचा वाटा समान; वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिलेला आहे. भाऊ वाड्यात राहत होते, बहीण सासरी. भावांचे म्हणणे, तिचा वाटा पैशाने देतो. बहिणीचे म्हणणे, द्या, पण खरी किंमत द्या. इथवर भांडण नव्हतेच म्हणायचे. भांडण ‘खरी’ या एका शब्दाचे होते.

भावांच्या व्हॅल्युअरने वाड्याची किंमत ४८ लाख काढली. भाडेकरूंकडच्या भागाचे सारे मिळून महिन्याला अडीच हजारसुद्धा भाडे येत नव्हते. त्यातून घरपट्टी आणि दुरुस्ती वजा करून उरलेल्या उत्पन्नावरून त्या भागाची किंमत जेमतेम तीन लाख. मालकाच्या चार खोल्या, जुने बांधकाम, घसारा वगैरे धरून ४५ लाख. बहिणीच्या व्हॅल्युअरने मोकळ्या प्लॉटचा दर चौरस फुटाला १२ हजार धरला आणि सरळ गुणाकार करून ३ कोटी ६० लाख सांगितले. म्हणजे एकाच्या हिशेबाने बहिणीचा वाटा १६ लाख, दुसऱ्याच्या हिशेबाने १ कोटी २० लाख. दोघेही पदवीधर, दोघेही नोंदणीकृत, दोघांनीही सत्य सांगण्याची शपथ घेतलेली.

बहिणीच्या वकिलाने पहिल्या व्हॅल्युअरला विचारले, “आपण वाड्यात किती वेळ होता?”

“पाऊण तास.”

“मागचं अंगण मोजलंत?”

साक्षीदाराने कागद चाळले. “मागे अंगण आहे?”

न्यायालयात हसू पसरले. पण हसे दुसऱ्याचेही व्हायचे होते. भावांच्या वकिलाने विचारले, “वाड्यात सहा भाडेकरू आहेत, हे आपल्याला ठाऊक होतं?”

“होय.”

“मग अहवालात त्यांचा उल्लेख कुठे आहे?”

“मला मोकळ्या जागेची किंमत काढायला सांगितलं होतं.”

“कुणी सांगितलं होतं?”

“पक्षकारांनी.”

न्यायाधीश एवढा वेळ नुसते लिहून घेत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “म्हणजे आपण दोघांनी एका वाड्याच्या दोन किमती काढलेल्या नाहीत. दोन वेगळ्या वाड्यांच्या काढल्या आहेत.”

माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली या एका वाक्यात आहे. तज्ज्ञांच्या आकड्यांत जमीनअस्मानाचे अंतर दिसले की आपण म्हणतो, दोघांपैकी एक विकला गेला आहे. कधीकधी तो गेलेलाही असतो. पण पुष्कळदा दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. त्यांना विचारलेले प्रश्नच वेगळे असतात आणि ते प्रश्न कोणी ठरवले हे न्यायालयाला शेवटपर्यंत कळत नाही. किंमत ही विटांमध्ये नसते. कोणत्या तारखेची, कशासाठी, कोणत्या बोज्यासह, कोणत्या खरेदीदाराला, हे ठरल्यावर ती जन्माला येते. नुसती तारीख घ्या. भांडवली नफ्याचा कर मोजायचा तर जुन्या मिळकतीची १ एप्रिल २००१ ची किंमत लागते; २०१७ च्या बदलापूर्वी तीच १ एप्रिल १९८१ ची लागत असे. सरकारने जमीन संपादन केली तर प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेची किंमत. वाटणीत एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा तर पैसे हातात पडतात त्या सुमाराची किंमत न्याय्य, असे कोणीही शहाणा माणूस म्हणेल. पण प्राथमिक हुकूमनामा आणि अंतिम हुकूमनामा यांच्यात दहा-दहा वर्षे जातात आणि अहवाल असतो दाव्याच्या पहिल्या वर्षातला.

भाडेकरू, झरा, रस्त्यावरचा दर्शनी भाग अशा गोष्टींचे काय करायचे, यावर न्यायालयांनी फार पूर्वीपासून विचार केला आहे. १९३९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे विशाखापट्टणमची एक जमीन आली होती. बंदराजवळची, बंदराच्या मलेरियाविरोधी कामासाठी संपादन केलेली. तिच्यात गोड्या पाण्याचा एक झरा होता. मालक म्हणत होता, या पाण्याची किंमत धरा. सरकार म्हणत होते, ते पाणी घेणार कोण? आमच्या बंदराशिवाय गिऱ्हाईक नाही. लॉर्ड रोमर यांनी निकाल दिला की गिऱ्हाईक एकटे संपादन करणारे असले तरी जमिनीच्या अंगच्या गुणाची किंमत शून्य होत नाही. विकायला राजी असलेला मालक आणि घ्यायला राजी असलेला खरेदीदार यांच्यात ती कितीला ठरली असती, हे पाहायचे. आजही आपल्याकडे बाजारभावाची व्याख्या याच दोन राजी माणसांवर उभी आहे. प्रत्यक्षातली माणसे बहुधा राजी नसतात, म्हणून तर दावा होतो!

पुण्याच्या वाचकांना जवळचा वाटेल असा निकाल १९८८ चा. चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, पुणे. न्यायमूर्ती ठक्कर यांनी त्यात मूल्यमापनाचा जवळजवळ पाठच घालून दिला. तुलनेला घेतलेल्या व्यवहारापेक्षा आपली जमीन कुठे सरस आहे आणि कुठे उणी, याचा जमाखर्च मांडायचा. लहान प्लॉट, रस्त्यालगत, चौरस आकार, जवळपास वस्ती, हे जमेला. मोठा विस्तार, आतल्या अंगाला, चिंचोळी पट्टी, भर घालावी लागणारी खोलगट जागा, हे खर्ची. व्यवहारी खरेदीदार जसा मनाशी हिशेब करील तसा न्यायालयाने करायचा. हा निकाल वाचताना मला छत्रीवाले इंजिनिअर आठवतात. कायद्याचे एकही पुस्तक न उघडता ते हेच करत होते.

मग प्रश्न येतो, तुलनेचे व्यवहार आणायचे कुठून? न्यायालय म्हणते, तुमचे मत राहू द्या, नोंदवलेली विक्रीखते दाखवा. ही अपेक्षा रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये आदिनारायण शेट्टी खटल्यात किंमत काढण्याच्या तीन पद्धती सांगितल्या. तज्ज्ञांचे मत त्यांतली एक. दुसरी आसपासच्या खऱ्याखुऱ्या व्यवहारांची आणि तिसरी उत्पन्नाच्या पटीची. काळाच्या ओघात दुसरी पद्धत थोरली झाली आणि विक्रीखतांचा आधार नसलेले तज्ज्ञाचे मत पोरके. पण आपल्या देशातल्या विक्रीखतांतली किंमत कितपत खरी असते, हे या लेखाच्या वाचकांना मी सांगायला नको. वर्षानुवर्षे खतावर एक रक्कम आणि पिशवीत दुसरी, असा रिवाज होता. तो मोडण्यासाठी सरकारने शीघ्रसिद्ध गणक म्हणजे रेडी रेकनर आणला. आयकर कायद्यात ५०सी कलम घातले गेले. २००३ पासून मुद्रांकाच्या दरापेक्षा कमी किंमत दाखवली तरी कर त्या दरावरच. परिणाम काय झाला? लोक रेडी रेकनरच्या आकड्यालाच किंवा थोडे वर खत करू लागले. आणि रेडी रेकनरचे पुढचे दर ठरवताना आधार कशाचा? नोंदवलेल्या खतांचा! आरशासमोर आरसा ठेवावा आणि खोलीत किती माणसे आहेत ते मोजावे, तशी ही गत आहे.

म्हणूनच १९९४ मध्ये आदिलाबादच्या जवाजी नागनाथम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की मुद्रांकासाठी केलेला दरांचा तक्ता हा भूसंपादनातल्या बाजारभावाचा पुरावा नव्हे. पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्या कामापुरते चित्र बदलले. मुद्रांकाचा दर, आसपासच्या व्यवहारांची सरासरी आणि संमतीने ठरलेली रक्कम, यांत जे अधिक ते धरायचे असे तो कायदाच सांगतो. पण घरगुती वाटणीत असा नियम नाही. तिथे रेडी रेकनर हा अंदाज घेण्यापुरता. तरीही कितीतरी अहवाल नुसते रेडी रेकनरचे पान जोडून आणि वर-खाली दहा टक्के करून न्यायालयात दाखल होतात. त्यासाठी तज्ज्ञ कशाला हवा? चुणचुणीत नातवाला बसवले तरी भागेल.

या व्यवहारात सर्वांत जास्त पणाला लागलेले असते ते बहिणीचे. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, कायद्याच्या कलमांनी म्हणतो. २००५ पर्यंत वारसा कायद्यात २३ वे कलम होते. राहते घर पूर्णपणे घरच्यांच्याच वापरात असेल तर मुलग्यांनी वाटणीचा विचार करेपर्यंत मुलीला त्या घराची वाटणी मागताच येत नसे. ९ सप्टेंबर २००५ रोजी ते कलम गेले. आता ती मागू शकते, मागतेही. पण घराचे तीन तुकडे होत नाहीत. अशा वेळी १८९३ सालचा वाटणीचा जुना कायदा उपयोगी पडतो. त्याच्या दुसऱ्या कलमाखाली, वाटणी करण्यापेक्षा विक्री बरी, असे हिस्सेदार न्यायालयाला सांगू शकतात. मात्र निम्मा किंवा अधिक हिस्सा असणाऱ्यांनीच. एक तृतीयांशवाल्या बहिणीला एकटीने या कलमाचा आधार घेता येत नाही. म्हणजे ती भावांनी मान्य केलेल्या, किंवा न्यायालयाने ठरवलेल्या आकड्यावर अवलंबून. लिलाव झाला असता तर बाजाराने किंमत सांगितली असती. लिलाव नाही तर व्हॅल्युअर सांगणार. तिच्यासाठी तो एक आकडा हाच सारा वारसा आहे.

त्याच कायद्याचे तिसरे कलम मला फार शहाणपणाचे वाटते. एका बाजूने विक्री मागितली की दुसरी बाजू म्हणू शकते, विकू नका, न्यायालयाने किंमत ठरवावी, त्यांचा हिस्सा मी घेतो. आणि दोघे-तिघे घ्यायला तयार असतील तर ठरवलेल्या किमतीच्या वर जो जास्त बोली लावील त्याला तो द्यायचा. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांना ठाऊक होते की तज्ज्ञाचा आकडा हा फार तर जोत्यासारखा. त्यावर घर माणसांनीच बांधायचे. आपल्या गावाकडे थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, ही रीत होती. वाटे करणारा मग आपसूक सारखे करतो. न तुटणाऱ्या घराला हीच रीत लावायची तर एकाने किंमत बोलायची आणि दुसऱ्याने ठरवायचे, त्या भावाने देतो की घेतो. वाड्याची किंमत ४८ लाख म्हणणाऱ्या भावाला, “ठीक आहे, तुमचे दोन वाटे ३२ लाखांना मला द्या,” असे बहीण म्हणाली तर किंमत एका रात्रीत वाढेल!

पण इथे बँकवाल्याने एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. बहिणीजवळ ३२ लाख नसतात आणि दाव्यात अडकलेल्या वास्तूवर बँक कर्ज देत नाही. भाऊ तिथे राहत असतो, धंदा करत असतो, बिल्डरशी त्याची बोलणी झालेली असतात. घेण्याची ताकद एकाच बाजूला असली की ती सुंदर रीत लंगडी पडते. मग उरतो तो व्हॅल्युअरच.

इंग्रजांना या दुखण्याचा अनुभव आपल्या आधीचा. सर जॉर्ज जेसेल नावाच्या न्यायाधीशांनी १८७३ मध्येच स्वच्छ सांगितले होते की पैसे देऊन आणलेल्या तज्ज्ञाचा कल पैसे देणाऱ्याकडे झुकतो. तो लबाड असतो म्हणून नव्हे, तर माणूस असतो म्हणून. पुढे सव्वाशे वर्षे कुरकुर झाली. १९९६ मध्ये लॉर्ड वुल्फ यांचा अहवाल आला आणि एप्रिल १९९९ पासून तिथल्या दिवाणी नियमांत लिहिले गेले की तज्ज्ञाचे पहिले कर्तव्य न्यायालयाशी, फी देणाऱ्याशी नंतर. त्याला काय विचारले होते याचा गोषवारा अहवालातच द्यावा लागतो. शक्य तिथे दोन्ही बाजूंनी मिळून एकच तज्ज्ञ नेमायचा. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निष्काळजी तज्ज्ञावर त्याचा स्वतःचा पक्षकारसुद्धा दावा लावू शकतो, असाही निकाल दिला.

आपल्याकडे यातले काहीच नाही, असे मात्र नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २६ व्या आदेशातला नववा नियम न्यायालयाला आयुक्त नेमून मिळकतीचा बाजारभाव काढून घेण्याचा अधिकार देतो. बाजारभाव हा शब्द त्या नियमातच आहे. त्या आयुक्ताचा अहवाल पुरावा ठरतो आणि न्यायालयाच्या परवानगीने त्याला पिंजऱ्यात बोलावून प्रश्न विचारता येतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ च्या आपल्या नियमांत तर दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकाच वेळी समोरासमोर बसवून साक्ष घेण्याची सोय केली आहे. सोय आहे, पण वापर उशिरा होतो. आधी दोन्ही बाजू आपापला व्हॅल्युअर आणतात, त्यांची फी जाते, उलटतपासणीत दोन-तीन वर्षे जातात, आणि मग कंटाळलेले न्यायालय आयुक्त नेमते. तो पहिल्याच वर्षी का नेमू नये? त्याला विचारायचे प्रश्न दोन्ही वकिलांनी मिळून का लिहू नयेत? आयुक्ताची फी तुटपुंजी ठरवायची आणि मग अहवाल टेबलावर बसून लिहिला म्हणून तक्रार करायची, हेही थांबले पाहिजे. एकच तज्ज्ञ नेमला आणि तोच चुकला तर, अशी शंका वकीलमित्र काढतात. ती खरी आहे. म्हणून उलटतपासणीचा हक्क शाबूत ठेवावा, पण चर्चेला निदान एकच वाडा असेल.

त्या दाव्यातही शेवटी आयुक्त नेमला गेला. त्याने आठ व्यवहार पाहिले, पाच सोडून दिले आणि का सोडले ते लिहिले. मोकळ्या प्लॉटची किंमत ३ कोटी ६० लाख त्यानेही मान्य केली, पण सहा भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा देण्याचा खर्च म्हणून १ कोटी ३० लाख आणि परवानग्यांना लागणारा काळ, जोखीम वगैरेंचे ५० लाख वजा केले. उरले १ कोटी ८० लाख. बहिणीचा वाटा ६० लाख. मागच्या अंगणाचे माप अहवालात होते. भावांना आकडा जड वाटला, बहिणीला हलका. पण या खेपेस दोघांच्याही वकिलांना कुठल्या ओळीवर बोट ठेवायचे हे कळत होते. एकाने भाडेकरूंच्या खर्चावर हरकत घेतली, दुसऱ्याने पन्नास लाखांवर. भांडण तीन कोटींवरून काही लाखांवर आले होते. मी निवृत्त झालो तेव्हा ते अपिलात होते, आणि अहवाल तीन वर्षांचा जुना झाल्यामुळे दर पुन्हा पाहावेत असा बहिणीचा अर्ज पडला होता.

घरात असा प्रसंग आला तर व्हॅल्युअरला तोंडी काही सांगू नये, पत्र द्यावे. कोणत्या तारखेची किंमत हवी, कोणत्या कामासाठी हवी, घरात कोण कोण कोणत्या हक्काने राहते, जागा मोकळी धरायची की आहे तशी, हे त्यात असावे, आणि त्या पत्राची प्रत अहवालाला जोडायला सांगावी. शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी एकाच पत्रावर सही करावी. तुमचे वकील कदाचित म्हणतील, एवढे लिहून दिले तर उद्या उलटतपासणीत अंगाशी येईल. येऊ द्या. त्या वाड्यातल्या दोघा व्हॅल्युअरांच्या अंगाशी आले ते न लिहिल्यामुळेच.

आणि वाटणीच्या अंतिम हुकूमनाम्यालाही मुद्रांक लागतो, हे विसरू नये. भावाने एक किंमत सांगितली, बहिणीने दुसरी, आयुक्ताने तिसरी; हुकूमनामा घेऊन मुद्रांक कचेरीत गेलात की तिथला कारकून शांतपणे रेडी रेकनरचे पान उघडतो आणि चौथी काढतो.